उद्यानात झाडं लावायचीत? आधी उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशोब मांडा

५ जूनला पर्यावरण दिन म्हणून लावलेली रोपं पुण्यात बहुधा त्याच महिन्यात माना टाकतात. कारण साधं आहे: मोसमी पाऊस पुण्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि आल्यावरही पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवस दडी मारतो. वरची चार बोटं माती ओली झालेली असते, खाली मुरूम तसाच तापलेला असतो. पर्यावरण दिनाला जरूर जमा, पण त्या दिवशी खड्डे तपासा, जबाबदाऱ्या वाटून घ्या, उद्यानातल्या जुन्या झाडांची ओळख करून देणारी फेरी काढा. रोपं लावायची ती दोन चांगले पाऊस होऊन हातभर खोल ओल उतरली की. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडच्या पट्ट्यात हा काळ जूनअखेर ते जुलैअखेर असा धरा. १ ते ७ जुलैचा वनमहोत्सव १९५० पासून चालत आला आहे, तो आपल्या पावसाशी बऱ्यापैकी जुळतो.

पुढची सगळी माहिती पालिकेच्या उद्यानात शेजाऱ्यांनी मिळून तीस-चाळीस झाडं लावायची आणि जगवायची असतील तर काय करायचं याची आहे. पद्धती पुण्याच्या धरल्या आहेत. इतर शहरांत खात्यांची नावं थोडी बदलतील, खड्डा आणि पाणी बदलणार नाही.

किती झाडं लावायची, हे पाणी ठरवतं

रोपं किती मिळतात किंवा माणसं किती येणार यावरून आकडा ठरवू नका. पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढच्या जूनच्या मध्यापर्यंत, एका रोपाला आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर पाणी लागतं. चाळीस झाडं असतील तर आठवड्याला १,६०० लिटर. असे ३५ आठवडे, म्हणजे ५६,००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेपाचहून थोडे जास्त टँकर झाले. हे पाणी कुठून येणार, हे कागदावर उतरल्याशिवाय एकही खड्डा खणू नका.

उद्यानात बोअर असेल तर ती मेमध्ये चालते का, हे माळीदादांना विचारा. नळाला पाइप जोडता येत असेल तर पाइप शेवटच्या झाडापर्यंत पोचतो का, हे पावलांनी मोजून पाहा. पिण्याच्या पाण्यावर झाडं जगवू नयेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी टँकरने मागवणं हा उन्हाळ्यातला चांगला मार्ग आहे. जवळच्या मोठ्या सोसायट्यांचं स्वतःचं असं केंद्र असेल तर त्यांच्याकडे जास्तीचं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा गटारात सोडलेलं असतं. मागून पाहा, नाही म्हणण्याचं त्यांनाही फारसं कारण नसतं.

पाणी घालायला माणसं: एका घराकडे पाच झाडं दिली तर चाळीस झाडांना आठ घरं लागतात. एका फेरीत प्रत्येक घराला शंभर लिटर घालायचे, पाइप असेल तर पाऊण तासही लागत नाही. बादल्यांनी घालायचं असेल तर झाडं निम्मी करा. आणि मे महिना वेगळा लिहून ठेवा. शाळांना सुट्टी लागली की निम्मी घरं गावाला जातात आणि उन्हाचा कडाकाही तेव्हाच असतो. जिवंत राहिलेली रोपं नेमकी याच दिवसांत जातात. म्हणून दोन घरं राखीव ठेवा किंवा आधीच वर्गणी काढून मे महिन्यापुरता पाणी घालणारा माणूस ठरवा.

अर्ज, पोच आणि नकाशा

पहिली भेट साहेबांची नको, माळीदादांची घ्या. उद्यानात पाणी कुठे तुंबतं, शेळ्या कुठून शिरतात, मागच्या वेळी लावलेली रोपं का गेली, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यानंतर उद्यान विभागाच्या नावे अर्ज. दोन प्रती काढा, एक देऊन दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. हे काम मार्चमध्ये उरकायचं, कारण एप्रिल-मेमध्ये खड्डे खणायचे आहेत.

अर्जात उद्यानाचं नाव, हाताने काढलेला नकाशा, प्रत्येक झाडाची जात आणि जागा, पाण्याची सोय, तीन वर्षं कोण काळजी घेणार त्यांची यादी, एवढं असावं. आणि दोन प्रश्न लेखी विचारा: या जागेखालून पाण्याची, ड्रेनेजची किंवा विजेची लाइन जाते का? आणि इथे पुढच्या काही वर्षांत पायवाट, व्यायामाची उपकरणं, स्वच्छतागृह यांसारखं काही बांधायचं ठरलं आहे का? शहराच्या विकास आराखड्यात त्या कडेला रस्तारुंदी दाखवली असेल तर तिथे झाड लावूच नका. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागू आहे. तुम्हीच लावलेलं झाड पुढे चुकीच्या जागी आलं असं वाटलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना आणखी कडक संरक्षण आहे. तेव्हा जागेची चूक कागदावरच पकडलेली बरी.

पैशांसाठी पुण्यात एक हक्काची वाट आहे. २००६ पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहान कामं सुचवून घेते. त्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. इथे मोघम मागणी वाया जाते. ‘उद्यानाचा विकास करावा’ असं लिहिलं की त्याचा अर्थ पेव्हर ब्लॉक असा निघतो आणि होती ती मातीही झाकली जाते. त्याऐवजी असं लिहा: ‘उद्यानाच्या पश्चिम कुंपणालगत ६० मीटर ठिबकची लाइन, १,००० लिटरची एक टाकी, एक नळजोड.’ मोजता येणारं काम असेल तर अभियंत्याला अंदाज काढता येतो आणि झालं की नाही हे तुम्हालाही तपासता येतं. पेव्हर ब्लॉक बसवणारच असतील तर प्रत्येक बुंध्याभोवती सगळीकडून एक मीटर माती उघडी ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हाच एक मीटरचा आदेश दिला होता, त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

राज्याचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. त्यात पालिकांच्या हरित कामाला गुण मिळतात, त्यामुळे किती झाडं लावली आणि किती जगली याची नीट नोंद तुमच्याकडे असेल तर ती उद्यान विभागालाही हवी असते. पुढचा टँकर मागताना ही वही उपयोगी पडते.

जात निवडताना

वड, पिंपळ, उंबर ही झाडं पक्ष्यांसाठी सर्वांत मोलाची, पण भिंत, इमारत, गटार यांपासून किमान १० ते १२ मीटर लांब. एवढी जागा नसेल तर हट्ट करू नका. मध्यम झाडं ५-६ मीटरवर: कडुनिंब, करंज, बकुळ, पुत्रंजीवा, कदंब, जांभूळ. जांभूळ पायवाटेवर नको, फळांनी फरशी निसरडी होते आणि पडझड झाली की लोक झाडच काढा म्हणतात. लहान जागेला ३-४ मीटर अंतराने बहावा, कांचन, आपटा, आणि आपलं राज्यफूल तामण. तामणीला ओल लागते, उद्यानात सखल भाग असेल तिथे तिला जागा द्या. विजेच्या तारांखाली मोठी होणारी जात लावली तर दर वर्षी वीज कंपनीचे लोक शेंडा छाटतात आणि झाड एका अंगाला कलतं.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, त्यामुळे वादळी पावसात उन्मळून पडणाऱ्यांत तो नेहमी असतो. रेन ट्री दक्षिण अमेरिकेतली, मुंबईत पिठ्या ढेकणाने शेकडो झाडं वाळली. जुनी आहेत ती सांभाळावीत, नवी लावू नयेत. गिरिपुष्प आणि सुबाभूळ तर नकोच, ती आपली आपण पसरतात आणि खाली गवतही नीट उगवू देत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर याचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत.

टेकड्यांचा विषय निघालाच आहे तर हे स्पष्ट सांगायला हवं: टेकडीवरचं गवताळ माळरान मोकळं दिसतं म्हणून तिथे झाडं लावू नका. चंडोल, टिटवी यांना जमिनीवरच अंडी घालायची असतात, त्यांना ते मोकळं गवतच हवं असतं. हल्ली सगळीकडे सुचवली जाणारी दाट लागवड, म्हणजे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने चौरस मीटरला तीन-चार रोपं, बागेच्या एखाद्या उजाड कोपऱ्यात चालेल. माळरानावर ती लावणं म्हणजे एक परिसंस्था पुसून दुसरी चिकटवणं.

फुलपाखरांसाठी चार झुडपं कडेला घाला. लिंबू आणि कढीलिंबावर मॉर्मन कुळातली फुलपाखरं अंडी घालतात, ब्लू मॉर्मन हे तर आपलं राज्य फुलपाखरू. अळ्यांनी पानं खाल्ली की फवारणी करायची नाही, हे माळीदादांना आधीच सांगून ठेवा.

रोप विकत घेताना

पालिकेची, वन विभागाची, सामाजिक वनीकरणाची अशा रोपवाटिकांत मार्च-एप्रिलमध्येच मागणी नोंदवा, जुलैत उरलंसुरलं मिळतं. उंची ५-६ फूट आणि खोड अंगठ्याएवढं जाड असलेलं रोप घ्या. आठ फुटी, काडीसारखं, बांबूला बांधून उभं ठेवलेलं रोप स्वस्त मिळालं तरी नको.

दहातल्या एका रोपाची पिशवी तिथेच फाडून बघा. मातीच्या गोळ्यावर पांढरी-तपकिरी मुळं विखुरलेली दिसली तर ठीक. पण मुळं पिशवीच्या तळाशी दोरीच्या वेटोळ्यासारखी गोल गोल फिरलेली असतील, करंगळीएवढी जाड झाली असतील, तर ते रोप पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. अशी मुळं जमिनीत गेल्यावरही तशीच गोल वाढतात आणि सात-आठ वर्षांनी स्वतःच्याच बुंध्याला फास लावतात. झाड वरून हिरवं दिसतं आणि एके दिवशी वाऱ्याने मुळासकट पडतं. असा लॉट परत करावा.

खड्डा

खड्डे एप्रिलअखेर ते मे, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. कडक मुरूम लागला तर तीन फूट घ्या, तिथे पहार लागेल, नुसत्या कुदळीने होत नाही. वरची एक फूट माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा. खड्डे उघडेच तापू द्या, उन्हाने हुमणीसारखे किडे मरतात. मात्र उद्यानात मुलं खेळतात, म्हणून खड्ड्यांभोवती दोरी आणि लाल कापड बांधायलाच हवं.

दोन फुटांच्या खड्ड्याला साधारण १५ ते १८ घमेली माल लागतो. भरायचं मिश्रण: दोन भाग वरची माती किंवा पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, आणि प्रत्येक खड्ड्याला पाव किलो निंबोळी पेंड. पेंड वाळवी रोखण्यासाठी. शेणखत हातात घेऊन दाबा: वास मातीचा आला पाहिजे, शेणाचा नाही. कच्चं शेण खड्ड्यात तापतं, मुळं जाळतं आणि वाळवीला आमंत्रण देतं. काळी चिकण माती असेल तर तळाला अर्धा फूट मुरूम मोकळा करून ठेवा, नाहीतर खड्डा पावसात विहिरीसारखा भरून राहतो. शंका असेल तर रिकाम्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर ती जागा सोडा किंवा तिथे अर्जुनासारखं ओल सोसणारं झाड लावा.

लागवडीचा दिवस

सकाळी साडेसात ते दहा. चाळीस रोपांना चार-चार माणसांच्या दहा तुकड्या पुरतात, प्रत्येक तुकडीत एक माणूस आदल्या दिवशी शिकवलेला. भाषणं शेवटी ठेवा. पाहुणे उशिरा येणार असतील तरी रोपं थांबवायची नाहीत, पिशवीतून काढलेलं रोप अर्धा तास उन्हात राहिलं तरी बारीक मुळं सुकतात. आधी सगळ्यांना गोळा करून एक झाड पूर्ण लावून दाखवा.

रोप खोडाला धरून उचलायचं नाही, पिशवीखाली हात घालायचा. ब्लेडने पिशवीचा तळ कापा, मग उभी चीर द्या आणि सगळं प्लॅस्टिक बाहेर काढा. रिकाम्या पिशव्या शेवटी मोजा: चाळीस झाडं तर चाळीस पिशव्या हातात आल्या पाहिजेत. ३७ भरल्या तर तीन झाडं पिशवीसकट गेली आहेत, ती शोधून काढा.

खोड आणि मुळं मिळतात ती रेषा जमिनीच्या पातळीला यावी. उत्साहाच्या भरात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे रोप खोल पुरणं. वीतभर खोड मातीत गेलं की तिथली साल कुजते, झाड दोन वर्षं रेंगाळतं आणि मग जातं. माती भरताना हाताने दाबा, पायाने धबाधबा तुडवू नका. हवेची पोकळी काढायला पाणीच उत्तम: अर्धा खड्डा भरला की एक बादली, पूर्ण भरल्यावर दुसरी. पाऊस चालू असला तरी हे पाणी घालायचंच.

बांबू सात फुटी, मुळांच्या गोळ्यात न खुपसता बाजूला. बांधायला काथ्या किंवा तरटाची पट्टी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा, खोड बोटभर हलेल इतकी सैल. खोड वाऱ्याने थोडं हललं तरच जाड होतं. प्लॅस्टिकची सुतळी किंवा तार वापरली तर सहा महिन्यांत ती सालीत रुतते. शेवटी मीटरभर व्यासाचं आळं आणि त्यात चार बोटं जाड पालापाचोळा, खोडापासून चार बोटं लांब. पाचोळा पसरण्याचं काम लहान मुलं फार मन लावून करतात, ते त्यांनाच द्या. नावाच्या पाट्या बांबूला बांधा, खोडाला खिळा कधीही नको.

पुढचे महिने

पहिला महिना दर आठवड्याला फेरी. वाऱ्याने कललेली रोपं सरळ करा, पाऊस आठ दिवस थांबला तर दहा लिटर पाणी. पाणी लागतं का हे वरून दिसत नाही: पाचोळा बाजूला करून बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं निघालं तर घाला. ऑगस्टअखेर मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरून घ्या, त्यासाठी दहा टक्के रोपं आधीच जास्त आणून सावलीत ठेवलेली असावीत. सप्टेंबरनंतर भरलेल्या नांग्या उन्हाळा क्वचित काढतात.

गाजर गवत फुलण्याआधी उपटा, हातमोजे घालून, त्याने अंगाला खाज सुटते. आणि उद्यानातल्या रोपांचा एक मोठा शत्रू लक्षात ठेवा: गवत कापायचं यंत्र. त्याची फिरती दोरी बुंध्याला लागली की साल गोलाकार सोलली जाते. पानं महिनाभर हिरवी राहतात, म्हणून कुणाला कळत नाही, आणि मग झाड उभं वाळतं. आळ्यातलं गवत खुरप्यानेच काढायचं, यंत्र आळ्याच्या आत आणायचं नाही, एवढं एकच वाक्य मोठ्या अक्षरांत उद्यानाच्या खोलीत लावा.

ज्या घरांना आठवड्यातून दोनदा जमत नाही त्यांच्या झाडांजवळ सहा-सात लिटरचं मातीचं मडकं पुरा, तोंड वर, तळाला बारीक भोक आणि त्यात सुती वात. मडकं भरून झाकण ठेवलं की मुळांपाशी ओल दोन-तीन दिवस टिकते. झाकण विसरू नका, डास होतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी आठवड्याला एकदा, पण तीस लिटर, म्हणजे मुळं खाली जातील. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुरतं.

पाचोळा जाळू नका

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उद्यानात पडणारा पाचोळा हेच तुमच्या आळ्यांचं पांघरूण. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पालिकांना बागेतला कचरा शक्यतो बागेतच जिरवायला सांगितलं. त्यासाठी १३ फूट लांब, चार फूट उंच कोंबडी-जाळी गोल करून उभी करा, चार फूट व्यासाचा पिंजरा होतो. पाचोळ्याचा एक फुटाचा थर, त्यावर पाच किलो शेण वीस लिटर पाण्यात कालवून त्यातला पाव भाग, वर घमेलंभर माती, असे चार थर. मूठभर पाचोळा पिळल्यावर एक-दोन थेंब यावेत. मुंग्या दिसल्या तर कोरडं झालं आहे, वास आला तर पाणी जास्त झालं आहे. पंधरा दिवसांनी उलटंपालटं करा, चार ते सहा महिन्यांत खत. घरचं उरलेलं अन्न यात टाकू देऊ नका, उंदीर येतात आणि तक्रारीमुळे पिंजराच बंद होतो.

जाळी काढण्याची वेळ

दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोड हलवून पाहा. बुंधा जमिनीत घट्ट आणि शेंडा मोकळा हलत असेल तर बांबू काढा. रोपाभोवती संरक्षणासाठी लोखंडी जाळी लावली असेल तर ती साधारण तिसऱ्या वर्षी, खोड आणि जाळी यांत चार बोटं अंतर असतानाच काढायची. शहरभर रस्त्याकडेला जाळी गिळलेली झाडं दिसतात, तिथे लोखंडाच्या पट्टीवर साल ओठासारखी वळून बसलेली असते. तिथवर गेलं तर पट्टी ओढून काढू नका, साल तुटते. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी करवतीने लोखंड कापा, आत रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. जाळी वाकलेली नसेल तर तिला गंजरोधक रंगाचा एक हात द्या आणि उद्यानाच्या खोलीत ठेवून वहीत संख्या लिहा, पुढच्या जुलैसाठी.